वाडा जळायच्या आधी आतून बघू द्या

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

परवाच्या अंकात पहिल्या पानावर यवतेश्वरच्या डोंगराचा रात्रीचा फोटो छापलात. काळाकुट्ट डोंगर, त्यावर नागमोडी लाल रेघ आणि खाली ओळ : ‘डोंगराने ल्याली सोन्याची माळ’. फोटो देखणा आहे, नाही म्हणत नाही. पण ज्याची हयात आगी विझवण्यात गेली त्याला त्यात माळ दिसत नाही. वारा कुठून आहे ते दिसतं, रेघेचं वरचं टोक किती वेळात माथा गाठेल ते दिसतं. माथ्यापलीकडे रस्ता कासला जातो. कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटातल्या इतर जागांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आहे, हे तुमच्याच पेपरात दर सप्टेंबरला येतं. सप्टेंबरात फुलांचा फोटो, जानेवारीत जाळाचा. डोंगर तोच.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेच्या अग्निशमन विभागात २९ वर्षं होतो. फायरमन म्हणून लागलो, लीडिंग फायरमन म्हणून २०१७ साली निवृत्त झालो. कुठली नगरपालिका ते लिहीत नाही. माझ्या हाताखालची पोरं अजून तिथे नोकरीत आहेत, आणि पुढे जे सांगतोय त्यात त्यांचा काही दोष नाही.

वीस-बावीस वर्षांमागची गोष्ट. पहाटे वर्दी आली, पेठेतल्या जुन्या वाड्याला आग. दोनचौकी वाडा, सगळं सागवान, माडीला कोरीव महिरपी. सात मिनिटांत बोळाच्या तोंडाशी पोचलो आणि तिथेच अडकलो. बोळ बंबापेक्षा वीतभर अरुंद, त्यात दोन मोटारसायकली लावलेल्या. होजला (पाण्याच्या नळीला) होज जोडत पळत गेलो, तर मधली एक फाटली. बंबातलं पाणी किती वेळ पुरतं ते आम्हाला माहीत असतं, म्हणून विहीर शोधायला माणूस सोडला. वाड्यात विहीर होती, पण कुठल्या चौकात, ते आमच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. ज्या आजीबाईंना ठाऊक होतं त्यांना शेजाऱ्यांनी आधीच बाहेर काढून पलीकडच्या आळीत नेऊन बसवलं होतं. विहीर सापडली तेव्हा माडी खाली आलेली. माणूस कुणी दगावलं नाही, म्हणून बातमी चार ओळींची आली. मला मात्र एक गोष्ट अजून टोचते. त्या वाड्यावरून मी अकरा वर्षं रोज सायकलने ड्यूटीला जात होतो. आतून पहिल्यांदा पाहिला तो जळतानाच.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. माझी धाकटी मुलगी नागोयाला असते. निवृत्तीनंतर, २०१८ साली, आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो. दिवाळीच्या आधी एका रविवारी जावयांनी आम्हाला बसने शिराकावा-गो नावाच्या डोंगरातल्या खेड्यात नेलं. तिथे ओगिमाची ही वाडी आहे. तिच्यात शंभरावर बांधकामं गवती छपरांची. छपरं इतकी उभी की नमस्काराला हात जोडल्यासारखी दिसतात, आणि त्यांच्या भाषेत त्या घरांचं नावही तसंच आहे. बर्फ टिकू नये म्हणून तो उतार. आपल्या जावळीकडच्या जुन्या केंबळी घराला तिप्पट जाड छप्पर घातलं आणि वर आणखी दोन माड्या चढवल्या, तर थोडाफार अंदाज येईल. १९९५ पासून हे गाव शेजारच्या गोकायामाबरोबर जागतिक वारसा आहे.

घराच्या मधोमध जमिनीत चौकोनी चूल. ती विझू देत नसत, कारण धुराने गवत कोरडं राहायचं आणि कीड लागत नसे. म्हणजे ज्या विस्तवाची धास्ती, त्याच्याच जिवावर छप्पर टिकायचं! तीस-चाळीस वर्षांनी छप्पर उतरवून नवं घालतात, तेव्हा शंभर-दोनशे माणसं एकाच घरावर चढतात. आज तुझं, उद्या माझं. आपल्याकडे इर्जिक म्हणायचे तेच. आमच्या मंडळी म्हणाल्या, “आपल्याकडे इर्जिक गेली आणि ट्रॅक्टर आला.” खरं आहे. तिथेही गवत कापणारी माणसं कमी झालीत, असं जावई म्हणाले.

पण माझं लक्ष घरांकडे नव्हतंच. वाटेच्या कडेला दोन-अडीच हात उंचीची लाकडी खोपटी दिसत होती, मोठ्या घरांची पिल्लं असावीत तशी. मी एकाला हात लावून पाहिला. इतक्यात भोंगा झाला आणि त्या खोपटाचं छप्पर मधोमध फाकून दोन बाजूंना पडलं. आत पाणतोफ. आम्ही ज्याला ब्रांच म्हणतो, नळीच्या तोंडाची ती पितळी तोटी, तिची थोरली बहीण. खालून व्हॉल्व फिरला, तोटीने आधी एक खोकला दिला, गढूळ पाणी टाकलं, आणि मग जो फवारा सुटला तो समोरच्या छपराच्या आढ्यावरून पलीकडे गेला. गावात अशा ५९ तोफा. सगळ्यांचे फवारे एकमेकांत मिसळले आणि गाव पांढऱ्या पडद्याआड गेलं. लोक फोटो काढत होते. मी मात्र पाणी येतं कुठून ते विचारत होतो. मुलीने भाषांतर करून सांगितलं : वर डोंगरात टाकी आहे, पाणी उताराने येतं, पंप लागत नाही. वीज गेली तरी तोफ चालते. संपादक महोदय, पंप सुरू होईना म्हणून आगीसमोर नुसते उभे राहिलेले आम्ही लोक. ते वाक्य ऐकून मला काय वाटलं ते कागदावर येत नाही.

व्हॉल्व फिरवणारी बाई माझ्याच वयाची होती. डोक्यावर हेल्मेट, अंगात घरचंच जाकीट. ती काही नोकरीतली नव्हे, तिथली राहणारी. शेजारच्या दोघांना दरडावत होती, ते कळायला भाषांतर लागलं नाही. घर आपलं, गाव आपलं, तर तोफही आपलीच. या लोकांनी १९७१ सालीच आपसात ठरवून घेतलंय : विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. जागतिक वारशाच्या पाटीआधी २४ वर्षं.

घरी परतल्यावर मुलीकडून हे सगळं आलं कुठून ते समजून घेतलं. नारा शहराजवळ होर्यूजी नावाचं बौद्ध मंदिर आहे. जगातल्या आज उभ्या असलेल्या लाकडी इमारतींतल्या सगळ्यात जुन्या तिथल्या. त्याच्या मुख्य दालनाच्या भिंतींवर सुमारे तेराशे वर्षांपूर्वीची बुद्धाची चित्रं होती. जाणकार त्यांची तुलना नेहमी आपल्या अजिंठ्याशी करतात. चित्रं फिकट होत चालली म्हणून चित्रकार बसवून त्यांच्या नकला काढायचं काम चालू होतं. आणि १९४९ साली एका पहाटे दालन पेटलं. थंडीत चित्रकार बसायला विजेची गादी वापरत, तिनेच घात केला असं मानतात, पण ते पक्कं कधीच ठरलं नाही. दालनाचा वरचा मजला तेव्हा दुरुस्तीसाठी उतरवून ठेवला होता म्हणून वाचला. भिंती उभ्या राहिल्या, रंग गेले. त्या काळवंडलेल्या भिंती आजही मंदिराच्या आवारात जपून ठेवल्या आहेत.

जपण्यासाठी ठेवलेल्या माणसांच्या हातूनच गेलं असावं, हे त्या देशाला फार लागलं. पुढच्याच वर्षी, मे १९५० मध्ये, सांस्कृतिक ठेव्याच्या संरक्षणाचा कायदा झाला. देवळं, चित्रं, जुनी स्थळं, निसर्गस्थळं, पुरातन झाडं, प्राणी, एवढंच काय, नाटक-संगीतातली आणि कारागिरीतली हातोटीसुद्धा, सगळं एकाच कायद्यात. तो अमलात यायचा होता ऑगस्टअखेर. मधल्या जुलैत क्योतोचं सुवर्णमंडप मंदिर एका तरुण भिक्षूने पेटवून दिलं! कायदा कागदावर होता आणि मंदिर राख. ते १९५५ साली पुन्हा बांधलं. त्याच वर्षी त्यांनी होर्यूजीच्या आगीचा दिवस हा ठेव्याचा अग्निप्रतिबंध दिन म्हणून ठरवला. तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी देशभर देवळांत आणि जुन्या वाड्यांत पाण्याचा सराव होतो. होर्यूजीत आधी जळालेल्या चित्रांसाठी प्रार्थना आणि मग होज.

तो दिवस म्हणजे २६ जानेवारी.

आपण झेंडावंदन करून जिलबी खातो तेव्हा ते देवळांवर पाणी मारत असतात. यात कुणाचं काही चुकलं असं नाही, तारखा जुळल्या इतकंच. पण मला दर वर्षी झेंड्यापुढे उभं राहिलं की ते आठवतं.

आपल्याकडेही आगीतून जन्मलेला दिवस आहे. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याच्या बोटीचा स्फोट झाला, ६६ अग्निशमन जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल आपण अग्निशमन सप्ताह पाळतो. त्या सप्ताहात काय करतो ते मी २९ वर्षं केलंय, म्हणून सांगतो. शाळेच्या मैदानात पत्र्याच्या ट्रेमध्ये डिझेल पेटवायचं, सिलिंडरने विझवायचं, पोरांनी टाळ्या वाजवायच्या, मुख्याध्यापकांनी नारळ द्यायचा. पोरांना आवडतं, आमचेही हातपाय मोकळे होतात. पण गावातली एकही जुनी वास्तू त्यात कुठे नसते. आपल्या इतिहासात शनिवारवाडा १८२८ साली जळाल्याचं शाळेत प्रत्येक पोर घोकतं. त्यावरून बोळ रुंद ठेवावेत, विहिरी मोकळ्या ठेवाव्यात, एवढं काही आपण शिकलो नाही.

आता कुणी म्हणेल, म्हातारा जपान बघून आला आणि आपल्याकडच्या लोकांना नावं ठेवायला बसला. तसं नाही. मी परतल्यावर वर्षभरात, ३१ ऑक्टोबर २०१९ ला, ओकिनावातल्या शुरी गडाचा मुख्य महाल पहाटे जळून गेला. तो १९४५ च्या लढाईत गेलेला आणि १९९२ साली पुन्हा उभा केलेला. जागतिक वारसा म्हणून नोंद आहे ती त्याच्या खालच्या जुन्या अवशेषांची. लाकडी महाल, आणि आत स्प्रिंकलर नाहीत! तेही जपानात. मी बातमी वाचून जावयांना फोन केला, तर ते म्हणाले, “बाबा, लोक रडतायत.” त्यांनी तो पुन्हा बांधायला घेतला, यंदा तो पुरा व्हायचा आहे. आणि त्याच आठवड्यात, ४ नोव्हेंबरला, मी पाहिलेल्या शिराकावा-गोत वाहनतळाजवळची दोन खोपटी पेटली. गवती घरं जवळच. तोफा सुटल्या, घरांवर पाणी पडलं, आग खोपटांपलीकडे गेली नाही. एकाच आठवड्यात एकाच देशातल्या दोन आगी. एकीकडे नामवंत महाल, दुसरीकडे गावकऱ्यांनी दर वर्षी फिरवलेला व्हॉल्व. आमच्या धंद्यात याहून सोपा धडा मिळत नाही.

वणव्याचं आता. आपल्याकडे डोंगर पेटवणाऱ्याला वाटतं की जाळलं की गवत जोमाने येतं. ही समजूत अगदीच खुळी नाही, आणि म्हणूनच नुसती दटावून जात नाही. जपानात आसो नावाच्या ज्वालामुखीभोवतीचं गवताळ रान दर मार्चच्या सुमाराला मुद्दाम जाळतात. ते राष्ट्रीय उद्यान आहे, १९३४ पासूनचं. जाळलं नाही तर झुडपं माजतात, गवत जातं, गवतातली फुलं जातात. पण जाळायच्या आधी, शरदातच, गावकरी कडेकडेने गवत कापून मोकळे पट्टे काढतात, सगळे मिळून शेकडो किलोमीटरचे. मग ठरलेल्या दिवशी, वारा बघून, माणसं उभी करून पेटवतात. नाऱ्यात वाकाकुसा टेकडी तर जानेवारीच्या चौथ्या शनिवारी पेटवतात, तिला बघायला गर्दी लोटते, पण भोवती अग्निशमनवाले उभे असतात. म्हणजे डोंगरावरची सोन्याची माळ तिथेही असते. फक्त ती कुणी घातली, किती वाजता घातली आणि कुठे संपणार, हे आधी ठरलेलं असतं.

हे आपल्याला नवं आहे का? जावळी-महाबळेश्वराकडे भाताच्या रोपासाठी राब भाजतात, तेव्हा कडेचं गवत आधी झाडून घेतात की नाही? वन खातं जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढलेला पट्टा, काढतं की नाही? विद्या आहे. फक्त डोंगराला धनी नाही, म्हणून तिथे बिडी टाकून पुढे जाता येतं. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे. पण अंधारात काडी ओढणारा सापडतो किती वेळा? वणवा लागला की त्याच गावची चार पोरं हिरव्या फांद्या घेऊन झोडपायला पळतात. मी त्यांच्याबरोबर गेलोय. पायाखालची राख बुटाच्या तळव्यातून लागते, आणि टेकाडाच्या घळीत वारा फिरला की जाळ तुमच्या मागे येतो. एकदा माथ्याजवळ टिटवीची भाजलेली अंडी पाहिली, चारच्या चार जागच्या जागी. फोटोत ती येत नाहीत.

जाता जाता कासचं एक बोलतो, माझा विषय नसताना. कासला आधी जाळी मारली, गुरं थांबली, मग फुलं कमी झाली म्हणून ओरड झाली आणि जाळी काढली. पठारावर काय राखायचं आणि कसं, हे कास, आटाळी, एकीवच्या म्हाताऱ्या गुराख्यांना आधी विचारलं असतं तर जाळीचा खर्च वाचला असता, असं माझं मत. आसोच्या लोकांना हेच माहीत आहे की गवत राखायला गुरं लागतात, माणसं लागतात, आणि कधी विस्तवही लागतो.

आपल्याकडे कायदे नाहीत असं नाही. केंद्राचा १९५८ चा आहे, राज्याचा १९६० चा आहे. गेल्या जुलैत प्रतापगड इतर ११ किल्ल्यांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आला, आम्हीही पेढे वाटले. पण पेठांतले बहुतेक लाकडी वाडे आणि देवळांचे सभामंडप कुठल्याच यादीत नाहीत. जपानने १९७५ साली कायद्यात भर घालून आळीच्या आळी, गावंच्या गावं संरक्षित करायची सोय केली, आणि कुठली आळी घ्यायची ते आधी तिथल्या नगरपालिकेने ठरवायचं. तेवढा कायदा व्हायला आपल्याकडे किती वर्षं लागतील, देव जाणे. तोवर थांबायचं कशाला?

माझी मागणी छोटी आहे. येत्या एप्रिलच्या सप्ताहात ट्रेमधलं डिझेल शाळेच्या मैदानात पेटवू नका. एक दिवस बंब पेठेत आणा. १४ तारीख नको, त्या दिवशी जयंतीच्या मिरवणुका आणि बंब बंदोबस्ताला. १६ किंवा १७ धरा. एक वाडा किंवा एक लाकडी सभामंडप निवडा. बंब कुठवर जातो ते बघा, होज किती लागतात ते मोजा, विहिरीवर पंप लावून पाणी छपरापर्यंत जातं का ते बघा. वाड्याच्या मालकांनी आमच्या पोरांना एकदा आतून फिरवा : मीटर कुठे, जिना कुठे, गॅस कुठे, विहीर कुठे. चहा नाही दिला तरी चालेल. मेणवलीच्या वाड्यातली चित्रं बघायला लोक लांबून येतात. असल्या वास्तू जवळच्या बंबवाल्यांनी एकदा नीट हिंडून पाहाव्यात एवढंच म्हणणं. आणि डोंगराच्या पायथ्याच्या गावांनी दसरा-दिवाळीनंतर गवत वाळायला लागलं की एक रविवार जाळरेषेला द्यावा.

मी स्वतः काय केलं, तेही सांगतो. नातवाला घेऊन चार रविवार आमच्या पेठेत हिंडलो आणि विहिरींचा नकाशा काढला. नऊ सापडल्या. दोन बुजवल्यात. एकीवर व्यायामशाळेचं कोबा केलेलं अंगण आहे. सहा जित्या, त्यातल्या चारांना उन्हाळ्यातही पाणी असतं. नकाशाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. पुढच्या वेळी डोंगराच्या फोटोला जागा द्याल तेव्हा खाली कोपऱ्यात हा छापता आला तर बघा. अक्षर नातवाचं आहे, वाचायला येतं. एक दुरुस्ती मात्र त्यात राहिली आहे : तीन नंबरच्या विहिरीच्या जाळीला कुलूप आहे आणि त्याची किल्ली समोरच्या पानपट्टीवाल्याकडे असते. दुकान बंद असेल तर मागच्या दारी हाक मारावी.

आपला,
एक निवृत्त लीडिंग फायरमन,
यादोगोपाळ पेठ, सातारा
२८ जानेवारी २०२६